आबा, जरा थांबा

ज्या घरात 'स्वाभिमान' हा शब्द आठवड्यातून तीनदा छापला जातो, त्याच घरातली मुलगी कुणी नाव विचारेल या भीतीनं दाराआड लपत असेल, तर त्या शब्दाचं काय करायचं, सांगा बरं? हा प्रश्न मी कधीतरी सभेत विचारणार होते. पण सभेत विचारायला जीभ लागते, आणि नुसती जीभ असून भागत नाही, ती वेळेवर चालावी लागते. आता सभाही सरल्या आणि मीही थकले. म्हणून कागदावर विचारते.

आमचं घर नांदेडला, नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. आबा, म्हणजे माझे वडील, एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचे. शिक्षण सातवी, पण शिशाची उलटी अक्षरं दिवसभर वाचायची सवय असल्यामुळं सरळ दिसणाऱ्या गोष्टींकडं ते थोडं संशयानंच बघत. छापखान्याचं काम उरकलं की मालकाला सांगून, कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर ते चळवळीची पत्रकं छापत. घरी आल्यावर माय त्यांना उंबऱ्यावरच थांबवायची. "आधी सोड्यानं हात धुवा. शिसं भाकरीसंगं पोटात जातंय." आबा हात धुवायचे, पण नखांत राहिलेली काळी रेघ कधी गेली नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली खिळ्याला टोचलेली पत्रकं, एकावर एक, विहिरीच्या थरांसारखी. माझी बाराखडी त्या पत्रकांवर झाली. इतर मुलं 'कमळ बघ' वाचत होती तेव्हा मी 'जागे व्हा' वाचत होते. मनातल्या मनात.

प्रूफ तपासायला दोन माणसं लागतात. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेल्या ओळीवर बोट ठेवून पुढं सरकायचं. मी आठ वर्षांची झाले तेव्हा घरच्या पत्रकांपुरतं वाचायचं काम माझ्याकडं आलं, आणि त्या कामातच माझं चाचरणं पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आलं. 'स' आला की मी अडायचे. 'म' आला की ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. मी 'स... स... स...' करत राहायचे आणि आबा बोट न उचलता म्हणून टाकायचे, "समता. पुढं." त्यांनी ते अक्षर न अक्षर स्वतःच्या बोटांनी उचललेलं असायचं, त्यांना माहीतच असायचं पुढं काय आहे. त्यात राग नव्हता, हे मी आज शपथेवर सांगेन. माया होती आणि घाई होती. लेकराला त्रास नको म्हणून ते माझा शब्द पुरा करत. हळूहळू प्रूफाबाहेरही करू लागले. वाण्याकडं, शाळेत, पाहुण्यांसमोर. मी सुरुवात करायची आणि आबांनी संपवायचं. शब्द मोठ्या माणसांचे असतात, आपण नुसतं दार लोटून द्यायचं, अशीच माझी समजूत झाली. गल्लीतल्या पोरांनी माझं नाव 'इंजन' ठेवलं. मी दिसले की ओरडायची, "ए, इंजन चालू होऊन राहिलं रे!"

मग दुष्काळ आला. खरी इंजनं विहिरींच्या कडेला कोरडी पडली आणि चेष्टेतलीही मजा गेली. छापखान्यात काम निम्म्यावर आलं. माय गावाबाहेर दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. संध्याकाळी परत यायची तेव्हा तिच्या केसांत, पापण्यांवर दगडाचा पांढरा भुगा असायचा, आणि ती काही न बोलता भिंतीला टेकून बसायची. रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल मिलो ज्वारीची भाकरी थापताना फाटायची, आणि थंड झाली की जोड्याच्या तळव्यासारखी व्हायची. कामावर सुकडी, म्हणजे गोड पिठाचा खाऊ, मिळायची. माय तिची वाटणी पदरात बांधून माझ्यासाठी आणायची, त्या सुकडीला घामाचा खारट वास असायचा. आजही भूक म्हटलं की मला पोट आठवत नाही, तो वास आठवतो. एक दिवस माय म्हणाली, "पान्याचे दोन डरम हायेत. एक आपल्याला." एवढंच. आबा ताडकन उठले. पण त्यावर निघालेल्या पत्रकाचा मजकूर आबांनी नाही लिहिला, मी लिहिला. तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांची असेन. शाळेच्या वहीच्या दोन पानांवर, एका बैठकीत, एकदाही न अडता. मथळा होता, 'पाणी कुणाच्या बापाचं?' कागदावर मी अडत नाही हे मला त्या संध्याकाळी कळलं, आणि अंगात जी आग शिरली ती अजून पुरती विझलेली नाही.

ते पत्रक गाजलं. कामावरचा दुसरा डरम निघाला की नाही, ते मला आठवत नाही, सभा आठवते. वस्तीतल्या पटांगणात एका उंच मुलानं माझा मजकूर वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. कुणीतरी विचारलं, "लिहिलं कुणी?" आबांची छाती फुगली. "माझ्या लेकीनं, रत्नानं." मग काय, "बाई, दोन शब्द बोला," म्हणून लोकांनी मला ओट्यावर चढवलं. मला फक्त 'जय भीम' म्हणायचं होतं, आणि 'ज' जिभेला चिकटून बसला. मागून एक पोरगं म्हणालं, "इंजन." कुणीतरी हसलं. मग आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असं गर्जले, "जय भीम!" समोरून दुप्पट आवाज आला. सगळे खूश होते. मी ओट्यावर उभी होते आणि मला वाटत होतं, मी इथं नसते तरी चाललं असतं. खरं म्हणजे जास्त बरं चाललं असतं.

त्यानंतर मी चारचौघांत बोलणं सोडलं. लिहीत राहिले. दहा वर्षं पत्रकं लिहिली, आणि ती वाचली दुसऱ्यांनी. प्रत्येकात स्वाभिमान हा शब्द होता. मी तो शब्द दुसऱ्यांना वाटत होते, जशी आंधळी बाई दिवे विकते. लग्नासाठी दोन स्थळं आली. पाहुण्यांनी नाव विचारलं, आबांनी सांगितलं, पाहुण्यांनी ओळखलं आणि चहा पिऊन गेले. मी टायपिंग शिकले, कारण त्या कामात बोलावं लागत नाही.

पुढं लातूर नवा जिल्हा झाला. नवीन कचेऱ्या उघडल्या, टेबलं आली, टेबलांमागं माणसं लागली. मला एका कचेरीत तात्पुरत्या टायपिस्टची जागा मिळाली. आजचं लातूर बघणाऱ्याला ते लातूर सांगून पटायचं नाही. आज जिथं क्लासेसच्या पाट्यांमागं आकाश दिसत नाही, तिथं तेव्हा बाभळी होत्या. गावाला वास होता तो डाळीचा. मिल चालू झाली की तुरीचा पिवळा भुगा वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचा. कचेरीत साहेब मला ऐकू जाईल अशा बेतानं शिपायाला विचारायचे, "ह्या बाई मुक्या हायेत का?" शिपाई म्हणायचा, "न्हाई साहेब, हप्त्याला एक शब्द बोलतात." मी मशीनवर मान खाली घालून टायपत राहायचे. त्या दिवसांत, कुणाला सांगितलं नव्हतं ते आज सांगते, मी सकाळी उठल्यावर आजचा दिवस कुणी काही विचारू नये एवढंच मागायचे. कुणाकडं मागायचे ते माहीत नव्हतं. आमच्या घरात देव छापला जात नव्हता.

मी मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागच्या एका वाड्यात खोली घेतली. सात बिऱ्हाडं, एक नळ, आणि नळाला तिसऱ्या दिवशी पाणी, तेही अर्धा तास. नळावर नंबर लावून भांडणं होत. तिथंच मला मार्थामावशी भेटल्या. मिशनच्या दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या, नवरा लवकर गेलेला, पोरबाळ नाही. मूळच्या उदगीरकडच्या, त्यामुळं बोलता बोलता एखादा कानडी शब्द टाकून द्यायच्या. त्यांची बादली नळाखाली होती आणि माझा नंबर त्यांच्या मागं. त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "नाव काय गं तुझं, पोरी?" मी म्हणाले, "र... र... र..." बादली भरत आली. मी अजून 'र' वरच. बादली भरली, पाणी काठावरून सांडायला लागलं. मागच्या बाया ओरडल्या, "ओ मावशी, पाणी! पाणी चाललं!" मार्थामावशींनी मान वळवली नाही. माझ्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या, जसं काही दुसरं कामच नाही. एक बाई पुढं येऊन बादली ओढायला लागली तशा म्हणाल्या, "सांडू दे. पोरगी नाव सांगून राहिली." तिसऱ्या दिवशी येणारं पाणी फरशीवरून नालीत गेलं आणि मग माझ्या तोंडून निघालं, "रत्ना." मावशी म्हणाल्या, "हाव. चांगलं हाय," आणि बादली उचलली. मी खोलीत येऊन रडले. माझ्या नावासाठी कुणी काही सांडू दिलं होतं, असं त्याआधी झालं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी मावशींच्या ओसरीवर आठ-दहा माणसं जमायची. सतरंजी, एक पेटी, आणि ज्याच्या त्याच्या मांडीवर शास्त्र, म्हणजे बायबल. त्यांची रीत अशी की अध्याय काढायचा आणि गोल बसलेल्या प्रत्येकानं एकेक वचन वाचायचं. कुणाला वगळायचं नाही. मावशींनी "बा, कूतको," म्हणून मला शेजारी बसवून घेतलं, आणि ती रीत कळल्यावर मी माझा नंबर कितवा ते मोजू लागले. माझ्या अलीकडं याकोबदादा बसले होते, मोंढ्यात हमाली करणारे, साठीचे, अक्षरशत्रू. त्यांचा नंबर आला तशी त्यांनी पाठ असलेलं एकच वचन मोठ्यानं म्हटलं. त्या अध्यायाशी त्याचा काही संबंध नव्हता. सगळ्यांनी माना हलवल्या. नंतर कळलं, गेली वीस वर्षं ते दर बुधवारी तेच म्हणतात, आणि त्यांना कुणी कधी म्हणालं नाही की दादा, हे इथलं नव्हे. मग माझा नंबर. एका ओळीचं वचन होतं. मी वर बघितलं नाही. शब्द अडला, सुटला, पुन्हा अडला. डाळमिलचा भोंगा झाला. ओसरीवरच्या कुणी घसा साफ केला नाही, कुणी पुढचा शब्द पुटपुटला नाही, कुणी माझ्याकडं दयेनं बघितलं नाही. वचन संपलं तेव्हा पलीकडच्या बाईनं तिचं वाचायला घेतलं, इतकं साधं.

मी पत्रकवाली मुलगी. मी लगेच पदर पसरला नाही. मावशींशी भांडले, लिहून लिहून भांडले. तुमच्या चर्चमध्येसुद्धा कोण कुणाशेजारी बसतं ते मी बघितलंय, असं लिहून दिलं. मावशींनी चष्मा लावून वाचलं. "खरंय. आमच्यातबी घाण हाय. मी येशूबद्दल सांगून राहिले, आमच्याबद्दल न्हाई." मग मी येशूच्या गोष्टी ऐकत गेले आणि मला एकच दिसत राहिलं, की हा माणूस थांबतो. रस्त्याच्या कडेचा आंधळा ओरडतो, गर्दी त्याला गप्प बस म्हणते, आणि हा चालता चालता थांबतो नि विचारतो, तुला काय पाहिजे? आंधळ्याला काय पाहिजे हे कुणालाही कळेल. यालाही कळलं असणार. तरी तो विचारतो, आणि उत्तर त्या माणसाच्याच तोंडून येईपर्यंत उभा राहतो. मी ती गोष्ट किती वेळा वाचली असेल त्याला मोजदाद नाही. मी मनात बोलतानाही अडायचे, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. पण अडायचे. एका दुपारी, खोलीत एकटी असताना, मी पहिल्यांदा प्रार्थना केली, म्हणजे तक्रारच केली, मला असं का बनवलंस म्हणून. आणि मध्येच अडले. पुढचा शब्द कुणी पुरवला नाही. ती शांतता रिकामी नव्हती. नळावर मावशी जशा उभ्या होत्या तसं कुणीतरी उभं होतं, माझ्या तोंडाकडं बघत. मला त्यापेक्षा बरं सांगता येत नाही. एवढंच सांगते, की त्या दुपारपासून मला आरशात बघताना ओठांची किळस वाटेनाशी झाली.

मधेच बाहेरगावचा एक प्रचारक आला होता. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ओरडून जिभेला सुटायची आज्ञा केली. "बोल! आता बोल!" माझ्या तोंडून नेहमीपेक्षा वाईट निघालं. तो म्हणाला, विश्वास कमी पडतोय. मार्थामावशी उठल्या आणि माझं मनगट धरून मला जागेवर आणून बसवलं. जाता जाता त्याला म्हणाल्या, "हिच्या जिभेला काय धाड भरली न्हाई, साहेब. तुमच्या कानांसाठी प्रार्थना करू." याकोबदादा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

बाप्तिस्मा घ्यायचं ठरलं तेव्हा मी एस.टी.नं नांदेडला गेले. आबा पडवीत पत्रक कापत बसले होते. मी म्हणाले, "आबा, मी ब... बा... बा..."

"बदली झाली?"

मी नकारार्थी मान हलवली. शेवटी तो शब्द निघाला. आबांनी कात्री खाली ठेवली. त्यानंतर जे भांडण झालं ते आबांनी दोन्ही बाजूंनी केलं. "तू म्हणशील, तिथं मला माणूस म्हणून वागवतात. मग आपल्या विहारात काय ढोरं म्हणून वागवतात? तू म्हणशील, तसं न्हाई आबा. मग कसं? दुष्काळात मिशनवाले पावडरीचं दूध वाटायचे, तेच ना हे? तू म्हणशील, दुधासाठी न्हाई. मग कशासाठी? आपण एकदा धर्म बदलला तो विचार करून बदलला. देवासमोर वाकणं सोडलं म्हणून ही पाठ सरळ झाली, आणि तू पुन्हा गुडघे टेकायला चालली!"

माय चुलीकडून म्हणाली, "तिला बोलू तर द्या."

"बोलूनच राहिली की ती!" आबा म्हणाले. मी त्यानंतर एक शब्द बोलले नव्हते.

आबा चुकीचं बोलत होते असं मी आजही म्हणणार नाही. त्यांच्या पाठीनं काय सोसलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि ती सरळ करणाऱ्या वाटेबद्दल माझ्या मनात आदरच होता, आहे. पण त्या भांडणात मी नव्हतेच. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, एक प्रश्न विचारतात आणि उत्तराला एक वाक्य म्हणायचं असतं. ते वाक्य मी स्वतः, आबांच्या समोर, शेवटपर्यंत म्हणू शकले नाही, तर जन्मभर मी दुसऱ्याच्या तोंडानंच जगणार, हे मला त्या पडवीत स्वच्छ दिसलं. आबांच्या पाठीमागं म्हटलेलं वाक्य चाललं नसतं. मी कापलेल्या कागदाच्या एका पट्टीवर लिहून दिलं, 'रविवारी लातूरला या.' आबांनी वाचलं. "येईन. पण गप बसायला येणार न्हाई."

आले, आणि बगलेत पत्रकांचा गठ्ठा घेऊन आले. चर्चच्या पत्र्याच्या दाराशी उभं राहून आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक देत होते. मथळा होता, 'उठून उभा राहिलेला माणूस पुन्हा गुडघे का टेकतो?' माझं नाव कुठं नव्हतं. आबांनी तेवढं पाळलं होतं. लोकांनी पत्रकं घेतली, बाकांवर बसून वाचली. पाळक वयस्कर, शांत गृहस्थ होते. त्यांनीही उभ्याउभ्या सगळं वाचलं, घडी करून शास्त्रात ठेवलं आणि म्हणाले, "जुळणी सुरेख आहे. एकसुद्धा चूक नाही." आबांनी गठ्ठा दुसऱ्या बगलेत घेतला. आत माय पदर सावरून पहिल्या बाकावर बसली होती. त्या आठवड्यात नळाला पाणी आलं नव्हतं, म्हणून मंडळीतल्या प्रत्येक घरानं आपल्या घागरीतला एकेक तांब्या आणला होता आणि पुढच्या पितळी घंगाळात ओतला होता. माझ्या बाप्तिस्म्याचं पाणी असं मागून जमवलेलं होतं. कचेरीत टायपताना कुणी माझ्याकडं बघत नव्हतं, आणि इथं माझ्यासाठी सगळ्यांनी एका तांब्याची तहान बाजूला ठेवली होती.

पाळकांनी आदल्या दिवशीच मला सांगितलं होतं, नुसती मान हलवली तरी चालेल, देवाला कळतं. मी नाही म्हणाले होते. त्यांनी विचारलं, "तुझा प्रभू येशू ख्रिस्तावर विश्वास आहे काय?" उत्तर तीन शब्दांचं, 'माझा विश्वास आहे.' पहिलाच 'म'. ओठ मिटले. मी सोडवायला गेले, ते आणखी घट्ट झाले. "म... म... म..." कपाळावर घाम आला. पाळक थांबले. मंडळी थांबली. बाहेर एक टांगा आला आणि गेला. "म... मा... मा..."

आणि दाराकडून, पत्रकांचा गठ्ठा बगलेत धरून, सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात आबा म्हणाले, "माझा विश्वास आहे!"

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. याकोबदादांनी डोळे मिटलेलेच होते, ते सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "आमेन."

आबांचं तोंड तसंच उघडं राहिलं. आपण काय म्हणून बसलो ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. इतकी वर्षं लेकीचा शब्द पुरा करता करता त्यांनी हाही केला होता. कुणीतरी तोंडावर पदर धरला. पाळकांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचे डोळे मला विचारत होते, आता? क्षणभर मला जुनी वाट दिसली. वाक्य तर झालं होतं. मान हलवली असती तर निभावलं असतं. मी घंगाळाकडं पाठ केली आणि आबांकडं वळले.

"आबा," मी म्हणाले, "ज... ज... जरा थांबा. म... मी म्हणते."

हे मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा सांगत होते. आबांनी तोंड मिटलं. मग ते थांबले. मी त्यांच्याकडं बघतच उत्तर द्यायला लागले, आणि ते माझ्या ओठांकडं बघत उभे राहिले, आणि मला दिसत होतं की त्यांना किती जड जातंय. शब्द त्यांच्या दातांपर्यंत येऊन परत जात होता. किती वेळ लागला ते मला माहीत नाही. माय पुढं सांगायची की तेवढ्यात भाकरी भाजून झाली असती. पण मी म्हणाले. "माझा विश्वास आहे." शेवटचा शब्द निघाला तेव्हा पत्र्याखालची सगळी माणसं एकदम श्वास सोडल्यासारखी झाली. मग ते तांब्या-तांब्यानं जमलेलं पाणी माझ्या डोक्यावर आलं.

नंतर मावशींच्या ओसरीवर जेवण होतं. भाकरी, अंबाडीची भाजी, लाल ठेचा. आबा आधी नको म्हणाले, मग पायरीवर बसून जेवले. याकोबदादा पाणी द्यायला आले तेव्हा आबांनी विचारलं, "तुम्ही आमेन काय म्हणून म्हणलात हो?"

"सवय, भाऊ."

"मीबी सवयीनंच म्हणलो," आबा म्हणाले, आणि दोघं म्हातारे हसले. मग आबा मला म्हणाले, "मला वाटलं, तू अडकली."

"अ... अडकलेच होते, आबा. पण ते म... माझं मला सोडवायचं होतं."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो ठेच्यात फिरवला. "हाव," म्हणाले.

त्यांनी माझं म्हणणं कधी मान्य केलं नाही, मीही त्यांचं पूर्ण केलं नाही. पुढं वीसेक वर्षं आम्ही भांडलो, पण त्या भांडणांत दोन माणसं होती. ते गेले तेव्हा विहारातल्या लोकांनी त्रिसरण म्हटलं. मी हात जोडून त्यांच्यात उभी होते. आता आबा नाहीत, माय नाही, मार्थामावशींची ओसरी पाडून तिथं तीन मजले उठले. चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, बोलावतात तेव्हा लोकांना शेवटी एकच विचारायचं असतं, मग जीभ सुटली का? नाही सुटली. आजही अडते, वयाबरोबर थोडी जास्तच. हल्ली तर हातातला मोबाईलसुद्धा मी दोन अक्षरं लिहिली की पुढचा शब्द पुढं करतो, आणि मी चिडून तो खोडते. बरं झालं ते दुसरं काहीतरी, जिभेहून आत. ते एका ओसरीवर झालं, जिथं कुणाला वगळायचं नाही अशी रीत होती, आणि ज्याच्या नावानं ती रीत होती तो स्वतः थांबणारा होता.

तेव्हा माझं एवढं ऐका. तुमच्या शाळेत, विहारात, चर्चमध्ये, घरी, कुठंही माणसं गोल बसून आळीपाळीनं वाचत असतील, आणि कुणी एक मान खाली घालून 'मला राहू द्या' म्हणत असेल, तर तिचा नंबर पुढच्याला देऊ नका. तिच्याकडं वळून बसा. तिचं वाक्य संपेपर्यंत पान उलटू नका.